बोलून बरं होतं म्हणजे नेमकं काय होतं? समुपदेशन आणि मानसोपचाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्हाला फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि पुष्कळदा भेट संपल्यावर दारात उभं राहून विचारले जातात. शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. तीच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

जगणं नकोसं झालं असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर आत्ता हे वाचत बसू नका. १४४१६ या क्रमांकावर सरकारच्या 'टेली मानस' सेवेला फोन करा. ती चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरातल्या एकाला तरी उठवून जवळ बसवा.

१. समुपदेशन आणि मानसोपचार यांत फरक काय?

ढोबळमानाने, समोर आलेल्या अडचणीवर (निर्णय, परीक्षा, लग्नातला ताण, जवळच्याचा मृत्यू) थोड्या काळासाठी केलेलं काम म्हणजे समुपदेशन. खोलवर रुजलेल्या किंवा आजाराच्या पातळीवर गेलेल्या त्रासावर, ठरावीक पद्धतीने, जास्त काळ चालणारं काम म्हणजे मानसोपचार. प्रत्यक्षात ही रेघ पुसट असते. परीक्षेची भीती घेऊन आलेल्या मुलीला खरं तर दोन वर्षांपासून नैराश्य आहे, असं नेहमी निघतं. ज्या गोष्टींमुळे समुपदेशनाचा उपयोग होतो, त्यांच्यामुळेच मानसोपचाराचाही होतो. म्हणून पुढे दोन्हींसाठी 'थेरपी' हा एकच शब्द वापरला आहे.

२. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक... नेमकं जायचं कोणाकडे?

मराठीत हा घोळ मोठा आहे, कारण 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द आपण सगळ्यांनाच लावतो. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची नोंद १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती तुम्ही तपासू शकता. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेले असतात.

'समुपदेशक' अशी पाटी लावण्यावर डॉक्टरांसारखं कडक नियंत्रण आपल्याकडे अजून नाही. म्हणून शिक्षण कुठे झालं, कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं आणि तुमच्या कामावर कोणी वरिष्ठ देखरेख ठेवतं का, हे तीन प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. चांगल्या समुपदेशकाला त्याचा राग येत नाही.

झोप पूर्ण उडाली आहे, जेवण तुटलंय, भास होतात, संशय वाढलाय, किंवा आठवडाभर झोप नसून उत्साह ओसंडतोय, असं काही असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

३. मैत्रिणीपाशी मन मोकळं केलं तर नाही का चालणार?

चालतं की. ज्यांना अशी मैत्रीण आहे त्यांनी तिला जपावं. मोठ्या दुःखातून माणसं बहुतेकदा अशाच आधारावर सावरतात. पण मैत्रिणीला तुम्हाला बरं वाटावं याची घाई असते. "जाऊ दे गं, विसर" असं ती प्रेमाने म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. शिवाय तुमच्या नवऱ्याला, सासूला ती ओळखत असते, तिची बाजू आधीच ठरलेली असते. थेरपीत समोरच्याचा तुमच्या निर्णयात काही स्वार्थ नसतो, बोलणं बाहेर जात नाही आणि मुख्य म्हणजे त्या बोलण्याला दिशा असते. मागच्या आठवड्यात कुठे थांबलो आणि या आठवड्यात काय करून पाहिलं, याचा धागा कोणीतरी हातात धरून ठेवतं.

४. पहिल्या भेटीत काय विचारतात? सगळं सांगावंच लागतं का?

सगळं सांगायची सक्ती नाही. त्रास काय, कधीपासून, आधी काय काय करून पाहिलं, घरात कोण आहे, झोप-भूक कशी आहे, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, इतकं विचारलं जातं. शेवटचा प्रश्न ऐकून काही जण दचकतात. विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगता आल्याने ओझं उतरतं. निघताना तुम्हाला दोन गोष्टी कळायला हव्यात: समोरच्याला तुमची अडचण कशी समजली आहे आणि पुढे साधारण काय करायचं आहे.

५. पद्धती किती आहेत? सगळ्यांची नावं ऐकून गोंधळ होतो.

नावं शेकड्यांनी आहेत, मूळ वाटा मोजक्या. व्याख्या सांगण्यापेक्षा एकच माणूस घेऊन बघू.

समजा, ठाण्यात राहणारा चौतिशीचा एक गृहस्थ. रविवारी दुपारचा चहा झाला की छातीत धडधड सुरू होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी काही विचारलं की तोंडातून शब्द फुटत नाही. लहानपणी वडील फार कडक होते. गेल्या दोन महिन्यांत बायकोने तीन वेळा ऑफिसात फोन करून "त्यांना बरं नाही" असं कळवलंय.

मनोविश्लेषणाच्या वाटेने जाणारा थेरपिस्ट विचारेल की हे गप्प होणं पहिल्यांदा कोणासमोर झालं. साहेबांच्या जागी वडील तर उभे राहत नाहीत ना? थेरपिस्टसमोरही हा तसाच अवघडून बसतो का, याकडे त्याचं बारीक लक्ष असेल, कारण जुनं नातं या नव्या नात्यात पुन्हा उभं राहतं. ही वाट व्हिएन्नात फ्रॉइड यांनी घातली. आपल्याकडे कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्रित वाटेवर थेरपिस्ट फार कमी बोलतो. समोरच्याचं जग त्याच्या डोळ्यांनी समजून घेणं, त्याला अटी न घालता स्वीकारणं आणि स्वतः खोटा मुखवटा न घालणं, एवढ्या तीन गोष्टींवर त्याची भिस्त असते. आपल्या गृहस्थांना "तू भित्रा आहेस" हे आयुष्यभर ऐकावं लागलंय. पहिल्यांदाच कोणी तसं न म्हणता ऐकतंय, यातून स्वतःकडे बघण्याची त्यांची नजर बदलू लागते.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धत, फिलाडेल्फियातल्या ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात उभी केली. इथे हातात वही येते. रविवारी चार वाजता मनातून नेमकं कोणतं वाक्य गेलं? "मी अडखळलो तर सगळे हसतील आणि नोकरी जाईल." मग हे वाक्य गृहीत न धरता तपासायचं: या सोमवारी एकच छोटा प्रश्न विचारायचा आणि काय झालं ते लिहून आणायचं. वर्तनोपचारात याचीच शिडी करतात. आधी शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याशी बोलायचं, मग दोघांसमोर, मग मीटिंगमध्ये. भीती टाळली की वाढते आणि तिच्यासमोर पुरेसा वेळ थांबलं की ओसरते, हे तत्त्व त्यामागे आहे.

कुटुंबासोबत काम करणारा थेरपिस्ट बायकोलाही बोलावेल. ती प्रेमापोटीच फोन करते, पण त्या फोनने सोमवार टळतो आणि भीती आणखी घट्ट होते. घरातला हा खेळ बदलला तर त्या गृहस्थांना एकट्याने लढावं लागत नाही.

आणि अलीकडची 'स्वीकार आणि बांधिलकी' पद्धत म्हणेल की धडधड जायची वाट कशाला बघायची? तुम्हाला चांगलं काम करायचं आहे ना, मग धडधड सोबत घेऊन मीटिंगला जाऊ.

अनुभवी थेरपिस्ट यांतल्या एकाच वाटेवर क्वचितच राहतात. पण नीट माहीत असलेली एक वाट असावी लागते. 'थोडं हे, थोडं ते' असं सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न जरूर विचारा: माझ्या बाबतीत हेच का?

६. विवेकनिष्ठ पद्धत म्हणजे सकारात्मक विचार करायचा, असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज महाराष्ट्रात फार पसरलाय. अल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली. मराठी वाचकांपर्यंत ती पोचवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. म्हणून इतर राज्यांत फारशी न ऐकलेली ही पद्धत आपल्याकडे गावोगावच्या व्याख्यानांतून माहीत झाली.

एलिस यांचं म्हणणं असं की घटनेपेक्षा तिच्याकडे पाहण्याचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो. "मला बढती मिळाली तर बरं होईल" ही इच्छा झाली. "मला बढती मिळालीच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल" ही मागणी झाली. इच्छा पुरी न झाल्याचं दुःख होतं आणि ते योग्यच आहे. मागणी पुरी न झाली तर माणूस कोसळतो. सकारात्मक विचारवाले म्हणतील, "मिळेल रे, विश्वास ठेव." विवेकनिष्ठ पद्धत विचारेल, "नाही मिळाली तर? मग तुझी किंमत खरोखर शून्य होते, याला आधार काय?" दुसरा प्रश्न अवघड आहे, पण बढती हुकल्यावरही तोच उभा राहतो.

एक सावधगिरी. ताज्या दुःखात किंवा अन्याय सोसणाऱ्या माणसाला "तुझा विचार चुकीचा आहे" असं सुनावणं हा या पद्धतीचा गैरवापर आहे. ज्या बाईला घरात मार बसतो, तिच्या विचारांत दोष शोधायचा नसतो (प्रश्न १५).

७. याचा खरंच उपयोग होतो, याला पुरावा काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मी स्वागत करते. लंडनच्या हान्स आयसेंक यांनी १९५२ मध्ये हाच प्रश्न सगळ्यात टोकदारपणे विचारला. मनाचा सौम्य आजार असलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक दोन वर्षांत आपोआपच सुधारतात आणि थेरपी घेणारेही तेवढेच सुधारतात, मग थेरपीने काय केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या हिशेबात पुढे बऱ्याच त्रुटी दाखवल्या गेल्या, पण त्या टीकेमुळे या क्षेत्राला प्रयोग आणि तुलना करणं भाग पडलं.

१९७७ मध्ये मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून गणित मांडलं. थेरपी घेतलेला सरासरी माणूस, न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा चांगल्या स्थितीत होता. नंतरच्या काटेकोर अभ्यासांत हा आकडा थोडा खाली आला. लहान किंवा ढिसाळ अभ्यास परिणाम फुगवून दाखवतात, हेही कळलं. पण उपयोग होतो, हा निष्कर्ष टिकला आहे.

८. मग सगळ्यांत चांगली पद्धत कोणती?

नैराश्य आणि रोजच्या जगण्यातल्या बहुतेक त्रासांमध्ये, मन लावून आणि नीट केलेल्या मान्यताप्राप्त पद्धतींच्या परिणामांत फारसा फरक सापडत नाही. सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच सुचवलं होतं की वेगवेगळ्या पद्धतींना यश येतं ते त्यांच्यातल्या समान गोष्टींमुळे असावं. या कारणावरचा वाद अजून संपलेला नाही, पण परिणामांत फारसा फरक नसतो हे निरीक्षण पुन्हा पुन्हा खरं ठरलंय.

तरीही काही आजारांत पद्धत फार महत्त्वाची असते. परत परत हात धुणं, कुलूप तपासणं अशा मंत्रचळात, म्हणजे ओसीडीमध्ये, नुसतं मन मोकळं करून पुरत नाही. तिथे भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जाऊन हात धुणं रोखून धरायचं, हा उपचार लागतो. व्हिक्टर मेयर यांनी तो १९६६ मध्ये पहिल्यांदा मांडला. लिफ्टची, कुत्र्याची, इंजेक्शनची भीती आणि पॅनिकचे झटके यांतही सामोरं जाणं हाच गाभा आहे. एखादा ओसीडीचा रुग्ण दोन वर्षं दर आठवड्याला बालपणाविषयी बोलत असेल आणि हात धुणं तसंच चालू असेल, तर मला त्याची काळजी वाटते. त्याची चिकाटी चुकीच्या ठिकाणी खर्च होतेय.

९. पद्धत एवढी महत्त्वाची नसेल, तर गुण येतो कशाने?

या सगळ्या पानावरचा मला सगळ्यांत जवळचा प्रश्न हाच.

एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोचायचं यावर एकमत, तिथे जाण्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि एकमेकांविषयीचा विश्वास. लोकांना वाटतं नातं म्हणजे फक्त तिसरा भाग. समोरची बाई गोड बोलते, छान ऐकते, तिथे गेलं की बरं वाटतं. पण "आपण इथे कशासाठी भेटतोय" याचं उत्तर दोघांकडे वेगवेगळं असेल, तर गोडव्याने काही होत नाही. सून म्हणते, मला वेगळं राहायचं धैर्य हवंय. समुपदेशकाने मनात धरलंय, हिचं सासूशी जमवून द्यायचंय. सहा महिने भेटी होतील आणि दोघींनाही कळणार नाही की गाडी पुढे का सरकत नाही.

या नात्याविषयीचे २९५ अभ्यास २०१८ मध्ये एकत्र पाहिले गेले. सगळ्या पद्धतींत, समोरासमोर आणि ऑनलाइनही, नातं घट्ट असेल तर निकाल चांगला, हा संबंध दिसला. त्याची ताकद मध्यम आहे, म्हणजे नात्यावर सगळं अवलंबून नाही. पण थेरपीतली एवढ्या खात्रीने मोजलेली दुसरी गोष्ट क्वचितच सापडेल. आणि या बाबतीत रुग्णाचं मत विचारात घ्यावं लागतं, थेरपिस्टचं पुरत नाही.

बाकीचा भाग तुम्ही आणता. घरी करून पाहिलेली गोष्ट, आठवडाभर ठेवलेली नोंद, बदल होऊ शकेल अशी आशा, पाठीशी असलेलं एखादं माणूस. थेरपी आठवड्यातून पाऊण तास असते, उरलेले सगळे तास तुमचे असतात. आणखी एक गोष्ट: एकाच पद्धतीत शिकलेल्या दोन थेरपिस्टच्या निकालांत फरक असतो, अनेकदा दोन पद्धतींमधल्या फरकापेक्षा जास्त. म्हणून 'सीबीटी करणारं कोणी सुचवा' असं विचारण्यापेक्षा, माझ्या त्रासावर काम केलेलं आणि माझं ऐकून स्वतःची दिशा बदलणारं कोण आहे, हे विचारा.

१०. पदवी नसलेली माणसं समुपदेशन करू शकतात का? आशाताईंनी केलं तर?

याचं उत्तर गोव्याने दिलंय. तिथे १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेने मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नेहमीच्या उपचारासोबत सहा ते आठ भेटींचं समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. फक्त नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

पद्धत साधी होती. नैराश्यात माणूस हळूहळू सगळं सोडून देतो: देवळात जाणं, शेजारणीशी बोलणं, बाजार, फुलझाडं. त्यातलं एकेक काम परत सुरू करायचं आणि मन कसं बदलतं ते पाहायचं. मन लागेल तेव्हा करू असं म्हणत थांबायचं नाही. करायला लागलं की मन मागून येतं.

पण ही माणसं वाऱ्यावर सोडलेली नव्हती. पद्धत लिहून ठेवलेली होती, भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून एकमेकांचं काम तपासलं जायचं आणि मागे तज्ज्ञ उभे होते. एवढी चौकट असेल तर आशाताई नक्की करू शकतील. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून, देखरेखीशिवाय, हे करता येत नाही.

११. किती भेटी लागतात?

केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार साधारण आठ भेटींपर्यंत निम्म्या लोकांत मोजता येईल अशी सुधारणा दिसते आणि सव्वीस भेटींपर्यंत सुमारे तीन चतुर्थांशांत. एखाद्या ठरावीक भीतीला याहून खूप कमी पुरतात. लहानपणी झालेले अत्याचार किंवा स्वभावात मुरलेला त्रास असेल तर वर्ष-दोन वर्षंही लागतात. एका भेटीत संपवतो म्हणणाऱ्यापासून आणि किती लागतील हे कधीच न सांगणाऱ्यापासून, दोघांपासूनही सांभाळा. चार-पाच भेटींनी थांबून 'काय फरक पडला' हे दोघांनी मिळून पाहायला हवं.

१२. औषधं घ्यावीत की फक्त बोलावं?

सौम्य आणि मध्यम नैराश्यात, चिंतेत थेरपीने एकटीनेही भागू शकतं. तीव्र नैराश्यात दोन्ही एकत्र असणं सहसा जास्त परिणामकारक ठरतं. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये औषध हा पाया आहे आणि थेरपी त्याच्या जोडीला. नैराश्यात सीबीटी संपल्यावरही शिकलेलं हाताशी राहतं, त्यामुळे फक्त औषध घेऊन थांबवणाऱ्यांच्या तुलनेत आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसतं. समुपदेशकाने "औषधं बंद करा" म्हटलं तर ते ऐकू नका. तो निर्णय लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा.

१३. भेटीनंतर बरं वाटायच्या ऐवजी जास्तच त्रास होतोय. हे बरोबर आहे का?

एखाद्या जड भेटीनंतर दोन दिवस रडू येणं, थकवा येणं स्वाभाविक आहे. भीतीला सामोरं जाताना तर ती आधी वाढतेच. पण सलग तीन-चार आठवडे झोप बिघडत असेल, काम सुटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार वाढत असतील, तर ते 'आतलं बाहेर पडतंय' म्हणून सोडून देऊ नका. साधारण ५ ते १० टक्के प्रौढांची स्थिती उपचाराच्या काळात खालावते आणि थेरपिस्टना ते स्वतःहून ओळखता येत नाही, हे मायकेल लॅम्बर्ट यांनी दाखवलंय. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय साधा आहे: प्रत्येक भेटीआधी दोन मिनिटांचा छोटा तक्ता भरून घ्यायचा. स्थिती घसरते आहे हे वेळेत कळलं तर पुष्कळ लोक सावरता येतात. तुमच्याकडे असा तक्ता भरून घेत नसतील तर तुम्हीच सुचवा.

काही गोष्टी सिद्ध झालेल्या घातक आहेत. अपघात किंवा दंगलीनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सगळं आठवायला लावलं तर पुढचा आघात टळत नाही, काहींना उलट जास्त त्रास होतो. आणि समलैंगिक मुलाला 'सरळ' करून देतो असं सांगणारा उपचार हा उपचारच नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये तो डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवला.

१४. समुपदेशक बदलला तर त्यांना वाईट वाटेल. कसं सांगू?

"मॅडम, मला वाटतं आपलं जमत नाहीये" एवढं वाक्य पुरतं. शक्य असेल तर न कळवता भेटी बंद करण्याआधी एकदा हे बोलून बघा. आपल्याकडे मोठ्यांना, शिकलेल्यांना तोंडावर नकार द्यायची सवय नसते. त्यामुळे हे वाक्य म्हणता येणं हाच अनेकांसाठी उपचाराचा भाग ठरतो, आणि बोलल्यावर अडलेलं काम बऱ्याचदा सुटतं. नाही सुटलं तर चांगला समुपदेशक स्वतः दुसरं नाव सुचवतो. मात्र शारीरिक जवळीक, पैशाची उसनवारी, घरगुती काम सांगणं, अपमान यांपैकी काहीही झालं असेल तर बोलत बसू नका. त्याच दिवशी थांबवा आणि त्यांच्या संस्थेकडे तक्रार करा.

१५. नवरा पितो आणि समुपदेशनाला यायला तयार नाही. त्याला कसं आणू? कधी कधी हातही उचलतो.

हे दोन प्रश्न आहेत आणि आधी दुसरा बघायला हवा. मारहाण होत असेल तर दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करू नये. तिथे जे बोललात त्याचा वचपा घरी काढला जाऊ शकतो. आधी तुमची सुरक्षितता. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष आहेत. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांसोबत त्याची सुरुवात केली. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडेही जाता येतं. तो पितो म्हणून मारतो, हे कारण कोणाकडूनही पटवून घेऊ नका.

आता पिण्याविषयी. आरडाओरडा, चारचौघांत लाज काढणं यांनी माणूस आणखी पितो, सोडत नाही. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली संभाषणाची पद्धत उलट जाते: बदलायचं कारण तुम्ही सांगायचं नाही, त्याच्याच तोंडून येऊ द्यायचं. आणि तो आला नाही तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी घरच्यांसाठीही आधारगट असतात.

१६. मी सांगितलेलं घरच्यांना कळेल का?

नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. त्याला मोजके अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर. पॉक्सो कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगायला हवेत.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना प्रगती आणि धोका सांगितला जातो, शब्दन्‌शब्द सांगितला जात नाही. "पैसे आम्ही देतो, मग काय बोलली ते सांगा" असं म्हणणाऱ्या पालकांना माझी विनंती असते: हे मला सांगायला लावलंत, तर ती मलाही सांगणं थांबवेल.

१७. मुलाला खोटं सांगून आणलं तर?

आणू नका. "डोळे तपासायला जातोय" असं सांगून आणलेलं मूल खोलीत शिरतानाच विश्वास गमावून बसलेलं असतं (नात्याचं महत्त्व प्रश्न ९ मध्ये). "तुला शाळेत जायला जड जातंय हे आम्हाला दिसतंय, त्यासाठी एका ताईंना भेटू. नाही आवडलं तर परत जायचं की नाही ते तू ठरव," इतकं खरं पुरतं. मूल मुळीच येत नसेल तर आधी पालकांनी भेटावं. लहान मुलांच्या बाबतीत पुष्कळ काम तसंच होतं.

१८. मी जर्मनीत असते. इथल्या थेरपिस्टशी इंग्रजीत बोलावं की ऑनलाइन मराठीत?

ज्या भाषेत तुम्हाला रडू येतं, त्या भाषेत. "जीव घाबरा होतो", "कसंतरीच होतं", "मन उठून गेलंय" याला इंग्रजीत शब्द शोधताना भावना हातातून निसटते. अनेक आजारांत ऑनलाइन भेटींचे निकाल समोरासमोरच्या जवळपास येतात. मात्र काहींना परकी भाषाच सोपी जाते, कारण घरातले जड शब्द तिला चिकटलेले नसतात. लैंगिक त्रासाविषयी बोलताना हे फार दिसतं. दोन्ही चालतं. तातडीच्या वेळी मदत मात्र तिथलीच मिळेल, तेव्हा तिथल्या एका डॉक्टरांचा नंबर जवळ ठेवा.

१९. परवडत नाही. काय करू?

जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून समुपदेशनही मिळतं. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांत अनेकदा देखरेखीखाली शिकणारे विद्यार्थी कमी शुल्कात भेटतात, आणि हा पर्याय लोक उगीच कमी लेखतात (प्रश्न १० पाहा). विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं २०१७चा कायदा सांगतो. पण बाह्यरुग्ण भेटींचा खर्च पुष्कळ पॉलिसींत मुळातच नसतो, तेवढं कागदावर बघून घ्या. समुपदेशकाला "काही कमी होईल का" असं थेट विचारण्यात गैर नाही. दर आठवड्याऐवजी पंधरवड्याने भेटणंही चालतं, मधल्या काळात करायचं काम ठरलेलं असेल तर.

२०. मी आता बरी आहे, पण ताईंना सोडवत नाही. चालू ठेवू का?

हे त्यांनाच सांगा, अगदी याच शब्दांत. ही गोष्ट लपवून दर आठवड्याला नवा त्रास शोधून आणणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना वाटतं, दुखलं नाही तर भेट मिळणार नाही. निरोपाचीही तयारी करता येते: आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. शेवटच्या दोन-तीन भेटींत एक कागद तयार करतात. त्रास परत येऊ लागला तर पहिली खूण काय असेल (माझ्या ओळखीच्या एकीची खूण होती, भाजी आणायला जाणं टाळणं), तेव्हा काय करायचं आणि कोणाला फोन करायचा. तो कागद फ्रिजवर लावा किंवा कपाटात ठेवा. लागला तर परत या, दार बंद होत नाही.